ड्रायव्हरमधला नल पॉइंटर दर रिलीजला परत येतोय? क्रॅशची ओळ सोडा, प्रोबचा क्रम बघा

बोर्ड कित्येक दिवस नीट चालतो आणि मग एखाद्या रीबूटला सिरियल कन्सोलवर ‘अनएबल टू हँडल कर्नल नल पॉइंटर डीरेफरन्स’ (म्हणजे कर्नल रिकाम्या पॉइंटरमधून वाचायला गेला आणि पडला) अशी ओळ येते, खाली रजिस्टर आणि कॉल ट्रेसचा ढीग, आणि बोर्ड गार. मग टीममधलं कोणीतरी ट्रेसमधलं सगळ्यात वरचं फंक्शन उघडतं, पॉइंटर नल असेल तर रिटर्न व्हा अशी एक इफ टाकतं, टेस्टिंगला काही होत नाही, तिकीट बंद. पुढच्या रिलीजला तोच क्रॅश शेजारच्या फंक्शनमध्ये. परत इफ. परत तिकीट बंद. मुंबईत एम्बेडेडचं काम करणाऱ्या बऱ्याच टीम्समध्ये हे चक्र बघितलंय म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतेय. बोलणं लिनक्सच्या ड्रायव्हरबद्दल, म्हणजे कर्नलमध्ये बसून एखादं हार्डवेअर चालवणाऱ्या कोडबद्दल आहे, आणि प्रोब म्हणजे डिव्हाइस सापडलं की सगळी तयारी करणारं ड्रायव्हरचं पहिलं फंक्शन, पण विचार करायची पद्धत विंडोजलाही लागू पडते.

माझं म्हणणं थोडक्यात असं की क्रॅश जिथे होतो तिथे बहुतेक वेळा चूक नसतेच. तो पॉइंटर कोणीतरी, कधीतरी भरायचा होता, आणि तो भरायच्या आधी किंवा रिकामा केल्यानंतर दुसरं कोणीतरी तिथे येऊन पोचलं. कोण आलं आणि का लवकर आलं हे सापडेपर्यंत कोडला हात लावू नका.

आधी पूर्ण ऊप्स हातात घ्या

ऊप्स म्हणजे पडताना कर्नल छापतो तो पूर्ण रिपोर्ट. साइटवरून व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनचा फोटो येतो, त्यात ट्रेसचा खालचा अर्धा भाग असतो आणि कामाचा वरचा अर्धा स्क्रोल होऊन गेलेला असतो. त्याच्यावरून अंदाज बांधू नका. सिरियल कन्सोल लावा. यूएसबी ते टीटीएल केबल लॅमिंग्टन रोडला कुठल्याही दुकानात मिळते, फक्त घेताना व्होल्टेज विचारा, कारण ३.३ व्होल्टच्या बोर्डाला ५ व्होल्टची केबल लावली तर पिन जळू शकते, आणि काही नवीन चिप्सची यूएआरटी (सिरियल पोर्ट) तर १.८ व्होल्टवर असते.

साइटवर केबल लावून ठेवणं शक्य नसेल तर कर्नलमध्ये पीस्टोअर आणि रॅमऊप्स चालू करा. रॅमचा एक छोटा तुकडा राखून ठेवायचा, क्रॅश झाला की कर्नल तिथे लॉग लिहितो, आणि वॉर्म रीबूटनंतर, म्हणजे पॉवर न घालवता केलेल्या रीबूटनंतर, तो पीस्टोअरच्या फोल्डरमध्ये फाइल म्हणून दिसतो. पॉवर पूर्ण गेली तर रॅम पुसली जाते, त्यामुळे गार्डने घाईघाईत मेन स्विच बंद केला की लॉग गेला. हे साइटवरच्या माणसांना आधीच समजावून सांगा.

लॉग हातात आला की पहिली ऊप्स शोधा. एक ऊप्स झाली की लॉक अडकून राहतात, थ्रेड अर्ध्यात मरतात, आणि पुढच्या ऊप्स त्याच्याच पोटी जन्मलेल्या असतात. ‘टेन्टेड’ लिहिलेल्या ओळीत डी अक्षर दिसलं तर त्याचा अर्थ कर्नल आधीच एकदा पडलाय, म्हणजे तुम्ही दुसरी ऊप्स वाचताय, लॉगमध्ये अजून वर जा.

आणि दर रिलीजची व्हीएमलिनक्स फाइल (बिल्ड झालेला पूर्ण कर्नल) आणि मॉड्यूल डीबग इन्फोसकट जपून ठेवायची सवय लावा. ऊप्समध्ये फंक्शनचं नाव आणि त्याच्यातला ऑफसेट येतो, तो कर्नलच्या स्क्रिप्ट्स फोल्डरमधल्या एफ-अ‍ॅडर-टू-लाइनला दिला की फाइल आणि ओळ मिळते, आणि डिकोड_स्टॅकट्रेस स्क्रिप्ट तर पूर्ण ट्रेसच ओळींसकट करून देते. पण हे सगळं त्याच बिल्डच्या फाइलवर चालतं. नंतर ‘तसाच’ बिल्ड केला आणि कंपायलर वेगळा निघाला की ओळी सरकतात, आणि माणूस भलत्याच ओळीकडे बघत बसतो.

अ‍ॅड्रेस काय सांगतो

ही गोष्ट सगळ्यात कमी वाचली जाते आणि हीच सगळ्यात जास्त बोलते. क्रॅशच्या पहिल्या ओळीत अ‍ॅड्रेस असतो. तो सरळ शून्य क्वचितच असतो. बहुतेक वेळा हेक्समध्ये १८, २८, १सी० असा छोटासा आकडा असतो, कारण पॉइंटर शून्य होता आणि कोडला त्या स्ट्रक्चरमधला एखादा मेंबर वाचायचा होता. म्हणजे तो आकडा त्या मेंबरचा ऑफसेट आहे. डीबग इन्फो असलेल्या मॉड्यूलवर पाहोल नावाचं टूल चालवलं की प्रत्येक स्ट्रक्चरचे मेंबर ऑफसेटसकट छापून मिळतात. हेक्स २८ म्हणजे दशमानात ४०, आता ट्रेसमधल्या फंक्शनमध्ये कुठल्या स्ट्रक्चरच्या ४० व्या बाइटला काय आहे ते बघायचं. एका ओळीत पॉइंटरमागून पॉइंटर अशी तीन बाणांची साखळी असली तरी नक्की कुठला बाण तुटला ते कळतं.

अ‍ॅड्रेस दुसऱ्या टोकाला असेल, म्हणजे सगळे एफ आणि शेवटी एफएफ४ किंवा एफईडी किंवा डीएफबी, तर ते नल नाहीच, ती एरर आहे. लिनक्स एरर कोड पॉइंटरच्या वेशात परत करतो, उणे १ ते उणे ४०९५ एवढी जागा त्याच्यासाठी राखीव आहे. शेवटी एफएफ४ म्हणजे उणे १२, मेमरी मिळाली नाही. एफईडी म्हणजे उणे १९, असं डिव्हाइस नाही. डीएफबी म्हणजे उणे ५१७, प्रोब डिफर, याच्याबद्दल खाली बोलूच. मेंबरचा ऑफसेट मिसळला तर आकडा थोडा पुढे सरकतो, तेवढं वजा करून बघा.

सगळीकडे ६बी ६बी ६बी दिसलं तर ते फ्री केलेल्या मेमरीवर स्लॅब डीबगने, म्हणजे कर्नलच्या मेमरी-तपासणीने, खूण म्हणून मुद्दाम फासलेलं विष आहे, म्हणजे वापर फ्री केल्यानंतर झाला. डेड आणि मग शून्यं आणि शेवटी १०० किंवा १२२ दिसलं तर लिस्टमधून काढून टाकलेली नोड कोणीतरी परत वापरली.

आणि एक, x86 वर कासान (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं कर्नलचं टूल) चालू असेल तर नल पॉइंटरची ऊप्स वेगळीच दिसते. ‘जनरल प्रोटेक्शन फॉल्ट’ असं येतं आणि डीएफएफएफएफसी ने सुरू होणारा भलामोठा अ‍ॅड्रेस, मग लोक घाबरतात की मेमरी करप्ट झाली. तसं नाहीये, कासान आधी स्वतःची सावली-मेमरी (कुठली मेमरी वापरायला चालते याची त्याची नोंदवही) तपासतो आणि पडतो तिथे. खालच्याच ओळीत तो ‘नल पॉइंटर डीरेफरन्स, रेंज अमुक ते तमुक’ असं सांगतो, ती रेंज खरी.

लोअर परळचं गेट

आता एक केस पूर्ण सांगते कारण यात जवळजवळ सगळं येतं. लोअर परळच्या एका ऑफिस टॉवरमध्ये कार्ड दाखवून उघडणारी गेटं, आत ६४ बिट आर्म बोर्ड, त्यावर कार्ड रीडरचा एका व्हेंडरने लिहिलेला ड्रायव्हर. तक्रार अशी की सकाळी कधीकधी गेट रीबूट होताना अडकतं. अंधेरीच्या लॅबमध्ये तोच बोर्ड, तीच इमेज, कितीही वेळा रीबूट करा, काही होत नाही. व्हेंडरने दर वेळी एक नल चेक टाकून पाठवलेला.

ऊप्समधला अ‍ॅड्रेस हेक्स २८. प्रोग्रॅम काउंटर (पडताना कोड कुठे होता ती जागा) इनपुट_इव्हेंटमध्ये, म्हणजे कर्नलच्या इनपुट सबसिस्टममध्ये. व्हेंडरचं म्हणणं पडलं की आमच्या ड्रायव्हरमध्ये नाही, कर्नलमध्येच बग आहे, कर्नल बदला. पण लिंक रजिस्टर (हाक कुठून आली ती जागा) बघितला तर तो ड्रायव्हरच्या इंटरप्ट हँडलरमध्ये, म्हणजे हार्डवेअरने लक्ष वेधलं की धावणाऱ्या फंक्शनमध्ये होता, म्हणजे हँडलरने इनपुट_इव्हेंटला हाक मारलेली. आता ६४ बिटवर इनपुट डिव्हाइसचं स्ट्रक्चर मोजा: सुरुवातीला नाव, फिज, युनिक हे तीन पॉइंटर, २४ बाइट. मग आयडी, ८ बाइट. मग प्रॉपर्टीचे बिट, ८ बाइट. झाले ४०. चाळिसाव्या बाइटला इव्हेंट-बिट सुरू होतात, आणि इनपुट_इव्हेंट आत शिरल्यावर सगळ्यात आधी तेच तपासतं की हा इव्हेंट या डिव्हाइसला चालतो का. हेक्स २८ म्हणजे ४०. म्हणजे इनपुट_इव्हेंटला दिलेलं इनपुट डिव्हाइसच नल होतं. कर्नल निर्दोष, ही गोष्ट कागदावर बेरीज करून सिद्ध होते, वाद घालायची गरज नाही.

मग प्रोब उघडलं. क्रम असा होता: ड्रायव्हरचं स्वतःचं प्रायव्हेट स्ट्रक्चर डेव्हएम_केझॅलॉकने घेतलं, म्हणजे आत सगळी शून्यं. क्लॉक घेतलं. मग रिक्वेस्ट_थ्रेडेड_आयआरक्यू, म्हणजे इंटरप्ट मागितला. आणि त्याच्यानंतर इनपुट डिव्हाइस अलोकेट करून प्रायव्हेट स्ट्रक्चरमध्ये ठेवलं. मधल्या त्या थोड्याशा वेळात इंटरप्ट आला तर हँडलर धावतो, प्रायव्हेटमधून इनपुटचा पॉइंटर काढतो, तो अजून शून्य.

इंटरप्ट त्याच वेळी का यावा? कारण रीडर चिपची लाइन लेव्हल ट्रिगर होती. कार्ड लागलं की चिप नंबर स्वतःकडे ठेवते आणि होस्ट वाचेपर्यंत लाइन खाली धरून बसते. गेट सकाळी अपडेटसाठी रीबूट व्हायचं, आणि स्टेशनवरून गर्दीचा लोंढा येऊन उभा, गेट उघडत नाही म्हटल्यावर लोक कार्ड लावतच राहतात. बूट पूर्ण व्हायच्या आत लाइन खाली गेलेली असते, ड्रायव्हरने इंटरप्ट मागितला की त्याच क्षणी तो मिळतो. लॅबमध्ये बूट होताना रीडरवर कार्ड कोण लावतंय? आम्ही लॅबमध्ये रीडरवर कार्ड टेप लावून चिकटवलं आणि रीबूट केलं, लगेच पडला.

आता व्हेंडरच्या नल चेकने काय होत होतं तेही बघा. हँडलरमध्ये ‘इनपुट नल असेल तर हँडल झालं म्हणून परत जा’. पण चिपमधला नंबर वाचलाच नाही, त्यामुळे लाइन खालीच, त्यामुळे इंटरप्ट लगेच परत, परत, परत. छोटा बोर्ड, तो कोर त्यातच अडकून पडतो आणि प्रोब पुढे सरकतच नाही किंवा रखडत सरकतं. क्रॅशच्या जागी हँग आला. लॉगमध्ये ऊप्स नाही म्हणून व्हेंडर म्हणतो दुरुस्त झालं, आणि साइटवर गेट अजूनही अडकतंय. नल चेक टाकण्याला माझा विरोध आहे तो यासाठी, त्याने बगचा पुरावा जातो आणि बग राहतो.

खरी दुरुस्ती म्हणजे क्रम बदलणं. आधी डेव्हएम_इनपुट_अलोकेट_डिव्हाइस, त्याचं रिटर्न तपासा, कॅपॅबिलिटी सेट करा, प्रायव्हेटमध्ये ठेवा, लॉक आणि वर्क जे काही हँडलर वापरतो ते सगळं इनिशियलाइझ करा, ड्रायव्हर-डेटा सेट करा, आणि मग इंटरप्ट मागा. इनपुट डिव्हाइस रजिस्टर व्हायच्या आधी इव्हेंट आला तर? चालतं. अलोकेट झाल्यापासून इनपुट_इव्हेंट सुरक्षितपणे वापरता येतं असं कर्नलच्या कोडमध्येच त्या फंक्शनवर लिहिलेलं आहे, फक्त रजिस्टर होईपर्यंत तो इव्हेंट पुढे कोणाला पोचत नाही. इथे बूटच्या वेळचं कार्ड हरवलं तरी हरकत नव्हती, माणूस परत लावतो.

काही हार्डवेअरमध्ये इंटरप्ट आधी मागितल्याशिवाय पुढचं जमतच नाही. तिथे इंटरप्ट मागताना ‘नो-ऑटो-एनेबल’ फ्लॅग द्या, हा २०२१ मध्ये आला, त्याने इंटरप्ट रजिस्टर होतो पण बंद राहतो, आणि सगळी तयारी झाली की तुम्ही स्वतः एनेबल_आयआरक्यू करायचं. आणि चिपमध्ये जुनी पेंडिंग स्टेट साफ करायचं रजिस्टर असेल तर प्रोबमध्ये ते आधी साफ करा. बूटलोडरने डिव्हाइस कुठल्या अवस्थेत सोडलंय यावर भरवसा ठेवू नका. वॉर्म रीबूट आणि कोल्ड बूट वेगळं वागत असेल तर पहिला संशय इथेच घ्यायचा.

नल नाही, एरर आहे

याच ड्रायव्हरमध्ये क्लॉक घेतल्यावर ‘क्लॉक नल असेल तर बाहेर पडा’ असं लिहिलेलं होतं. डेव्हएम_क्लॉक_गेट नल देऊन अपयश सांगत नाही, एरर पॉइंटर देतं. त्यामुळे ही इफ कधीच लागत नाही. क्लॉकचा ड्रायव्हर अजून लोड झाला नसेल तर उणे ५१७ मिळतं, म्हणजे ‘मी अजून तयार नाही, मला नंतर परत बोलव’, आणि हा ड्रायव्हर तोच आकडा पॉइंटर समजून पुढे क्लॉक चालू करायला जातो. अ‍ॅड्रेसच्या शेवटी डीएफबी. कुठला ड्रायव्हर आधी लोड होतो ते कर्नल कॉन्फिग आणि वेळेवर अवलंबून असतं, म्हणून हा क्रॅश नवीन कर्नलवर गेल्यावर अचानक उगवतो आणि सगळे नवीन कर्नलला दोष देतात.

कुठलं फंक्शन काय परत करतं हे पाठ करण्यापेक्षा दर वेळी उघडून बघितलेलं बरं, कारण नावं सारखी आणि वागणं वेगळं. केझॅलॉक नल देतं. डेव्हएम_आयओरीमॅप नल देतं, पण डेव्हएम_आयओरीमॅप_रिसोर्स एरर पॉइंटर देतं, एका शब्दाचा फरक. रेग्युलेटर, रीसेट, जीपीआयओ डिस्क्रिप्टर एरर पॉइंटर देतात. क्लॉक, रीसेट आणि जीपीआयओच्या ‘ऑप्शनल’ शेपटीवाल्यांमध्ये नल म्हणजे ‘ती गोष्ट या बोर्डावर नाहीये’, ते अपयश नाही, आणि क्लॉक किंवा जीपीआयओची पुढची फंक्शन्स नल घेऊन गप्प बसतात, तिथे नल चेक टाकून प्रोब फेल केलंत तर चालणारा बोर्ड बंद पाडाल. आणि सगळीकडे इज_एरर_ऑर_नल टाकणं हा उपाय नाहीये, कारण नल असताना त्यातून एरर कोड काढला तर शून्य निघतो, शून्य म्हणजे यश, आणि प्रोब यशस्वी म्हणून परत येतं जेव्हा खरं तर काहीच तयार नसतं. पुढचा क्रॅश मग भलतीकडेच.

मॅच डेटाचंही (जुळलेल्या डिव्हाइसप्रमाणे ड्रायव्हरला मिळणारी माहिती) असंच. डिव्हाइस ट्रीमधून (बोर्डावर काय काय आहे त्याची कर्नलला दिलेली यादी) जुळलं तर डिव्हाइस_गेट_मॅच_डेटा नीट पॉइंटर देतं, पण टेस्टिंगसाठी कोणी ड्रायव्हर-ओव्हरराइड वापरून हाताने जोडलं तर तिथे नल येऊ शकतं. इथे मात्र नल चेक हवा आणि प्रोबमध्येच हवा, एरर देऊन बाहेर पडा.

उलटा प्रवास: रिमूव्ह आणि अनप्लग

प्रोबकडे निदान लोक बघतात तरी. रिमूव्हकडे, म्हणजे डिव्हाइस सोडताना चालणाऱ्या फंक्शनकडे, कोणी बघत नाही, आणि मॉड्यूल काढताना, शटडाउनला किंवा यूएसबी ओढली की तिथे क्रॅश होतो. डेव्हएमवाल्या गोष्टी, म्हणजे ज्या कर्नल आपोआप सोडतो त्या, घेतल्याच्या उलट क्रमाने सुटतात, हे बहुतेकांना माहीत असतं. पण त्या रिमूव्ह फंक्शन संपल्यानंतर सुटतात, हे विसरलं जातं. म्हणजे डेव्हएमने मागितलेला इंटरप्ट रिमूव्ह चालू असताना आणि संपल्यावरही थोडा वेळ जिवंत असतो. रिमूव्हमध्ये तुम्ही वर्कक्यू (नंतर करायच्या कामांची रांग) नष्ट करून पॉइंटर नल केलात, आणि त्याच वेळी इंटरप्ट आला की हँडलर नल वर्कक्यूवर काम टाकायला जातो. पागडीची खोली रिकामी केली पण पोस्टात पत्ता बदलला नाही, पोस्टमन जुन्याच दारावर येणार.

उपाय दोन. एकतर वर्कक्यूचं साफसफाईचं फंक्शनही डेव्हएम_अ‍ॅड_अ‍ॅक्शन_ऑर_रीसेटने नोंदवा, आणि ते इंटरप्ट मागायच्या आधी नोंदवा, म्हणजे सुटताना इंटरप्ट आधी जाईल आणि मग वर्कक्यू. नाहीतर रिमूव्हच्या पहिल्याच ओळीत इंटरप्ट बंद करा. अर्धं डेव्हएम आणि अर्धं हाताने असं मिश्रण मला अजिबात आवडत नाही, जुन्या ड्रायव्हरमधले निम्मे रिमूव्ह-क्रॅश त्या सांध्यातून येतात असं माझं मत आहे.

टायमर आणि वर्क एकमेकांना उठवत असतील, म्हणजे टायमर वर्क टाकतो आणि वर्क शेवटी टायमर परत लावतो, तर कुठलाही एक आधी बंद करा, दुसरा त्याला परत जिवंत करू शकतो. यासाठी कर्नल ६.२ पासून टायमर_शटडाउन_सिंक आहे, त्यानंतर टायमर परत लावायचा प्रयत्न झाला तरी लागत नाही. आधी ते, मग कॅन्सल_वर्क_सिंक.

यूएसबीत अजून एक पात्र असतं, यूजरचा प्रोग्रॅम, ज्याने डिव्हाइस फाइल उघडून धरलीय. केबल निघाली, डिस्कनेक्टने सगळं फ्री केलं, आणि मग त्या प्रोग्रॅमने रीड केलं. इथे रेफरन्स काउंट (अजून किती जण वापरतायत त्याचा हिशोब) लागतो, आणि ‘डिव्हाइस गेलंय’ असा फ्लॅग, आणि तो फ्लॅग तपासणं आणि डिव्हाइस वापरणं दोन्ही एकाच म्युटेक्सच्या (एका वेळी एकालाच आत सोडणारं लॉक) आत. फ्लॅग तपासून म्युटेक्स सोडला आणि मग वापरलं तर काही उपयोग नाही. कर्नलमध्ये यूएसबी-स्केलेटन नावाचा नमुना ड्रायव्हर आहे, नवीन माणसाने त्यातलं ओपन, रीड, डिस्कनेक्ट आणि डिलीट एवढं शांतपणे वाचावं.

जे चेक कधीच लागत नाहीत

लिस्ट_फर्स्ट_एन्ट्री रिकाम्या लिस्टवर नल देत नाही, लिस्टच्या डोक्यालाच नोड समजून भलताच पॉइंटर देते. त्याच्यापुढची नल इफ शोभेची. ‘ऑर_नल’ शेपटीवालं रूप वापरा. लूप पूर्ण फिरून संपल्यावर त्याच्या व्हेरिएबलमध्येही नल नसतं. कंटेनर_ऑफचंही (मेंबरवरून पूर्ण स्ट्रक्चर शोधणारा मॅक्रो) तेच, आत नल दिलं आणि मेंबर स्ट्रक्चरच्या सुरुवातीला नसेल तर शून्यातून ऑफसेट वजा होऊन एफएफवाला आकडा येतो, म्हणून चेक कंटेनर_ऑफच्या आधी हवा.

चेक उशिरा टाकला तरी तेच. २००९ मध्ये लिनक्स २.६.३० च्या टन या व्हर्च्युअल नेटवर्कच्या ड्रायव्हरमध्ये पोल फंक्शनने आधी पॉइंटरमधून सॉकेट वाचलं आणि मग पुढच्या ओळींत पॉइंटर नल आहे का ते तपासलं. जीसीसी कंपायलरने विचार केला की आधीच वाचलंय म्हणजे नल असूच शकत नाही, आणि तो चेक बिल्डमधून काढूनच टाकला. त्या वेळी शून्य पत्त्यावर मेमरी मॅप करता आली तर साधा यूजर रूट होऊ शकत होता, आणि तसा एक्स्प्लॉइट जाहीरही झाला. त्यानंतर कर्नल अशा ऑप्टिमायझेशनला बंदी करणारा फ्लॅग देऊन बिल्ड होतो. तरी व्हेरिएबल डिक्लेअर करतानाच पॉइंटरमधून वाचायची सवय आणि खाली चेक, हे आजही रिव्ह्यूला येतं.

आणि १९ जुलै २०२४ आठवा, क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी कंपनीच्या विंडोज ड्रायव्हरने जगभर, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख मशीन्स पाडल्या आणि आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. पहिल्याच दिवशी सगळीकडे ‘नल पॉइंटर, नल पॉइंटर’ चाललं होतं. नंतर कंपनीच्याच अहवालात निघालं की कोडला २१ फील्ड अपेक्षित होते आणि मिळाले २०, एकविसावा वाचायला गेला तो हद्दीबाहेर. मायक्रोसॉफ्टच्या विश्लेषणात तर दिसतं की त्या रीडच्या अगदी आधी नल चेक होता. तो पास झाला, कारण तिथे नल नव्हतं, कचरा होता.

मुद्दाम पाडून बघा

दुरुस्तीच्या आधी क्रॅश हुकमी पाडता आला पाहिजे, नाहीतर दुरुस्त झालं हे कशावरून म्हणणार. सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे संशयित दोन ओळींच्या मध्ये, उदाहरणार्थ इंटरप्ट मागितल्यावर लगेच, अर्ध्या सेकंदाचा स्लीप टाका. नॅनोसेकंदांची फट अर्ध्या सेकंदाची होते आणि दर बूटला पडतो. मग तो स्लीप तसाच ठेवून दुरुस्ती करा, पडायचं थांबलं पाहिजे, आणि मगच स्लीप काढा.

मग सिसएफएसमधून बाइंड-अनबाइंड (ड्रायव्हर जोडणं आणि सोडणं) लूपमध्ये चालवा, एकीकडे डिव्हाइसवर इंटरप्ट येत राहतील असं करून. ‘डीबग टेस्ट ड्रायव्हर रिमूव्ह’ हा कॉन्फिग चालू केला तर कर्नल प्रत्येक ड्रायव्हर प्रोब, रिमूव्ह, परत प्रोब असा करतो, रिमूव्हमधले सांगाडे पहिल्याच बूटला बाहेर. शेअर्ड इंटरप्ट असेल तर ‘डीबग एसएचआयआरक्यू’ चालू करा, हँडलर काढायच्या वेळी तो मुद्दाम एक खोटा इंटरप्ट पाठवतो. फॉल्ट इंजेक्शनमधलं फेलस्लॅब मेमरी अलोकेशन मुद्दाम फेल करतं, एरर पाथ तपासायचा याच्याइतका स्वस्त मार्ग नाही. कासानही लावा, पण तो सावली-मेमरीलाच रॅमचा आठवा हिस्सा घेतो, छोट्या बोर्डावर जमत नसेल तर मोठ्या रॅमच्या डेव्हलपमेंट बोर्डावर चालवा. स्मॅच हे स्टॅटिक टूल ‘आधी वाचलं मग तपासलं’ आणि ‘एरर पॉइंटरला नल म्हणून तपासलं’ हे दोन्ही कोड न चालवता पकडतं, सीआयमध्ये (दर बदलावर आपोआप चालणारी तपासणी) कायमचं लावून टाका.

पॅच पाठवताना मेसेजमध्ये ‘नल चेक अ‍ॅडेड’ एवढंच लिहू नका. कोणत्या क्रमाने काय घडतं, कोण लवकर येतं, हे लिहा, ऊप्सच्या कामाच्या ओळी जोडा, आणि ज्या कमिटने हा क्रम बिघडवला त्याचा ‘फिक्सेस’ टॅग १२ अक्षरी हॅशसकट द्या, म्हणजे स्टेबल ट्रीवाल्यांना (जुन्या कर्नलमध्ये दुरुस्त्या नेणाऱ्यांना) किती मागे न्यायचं ते कळतं. फेब्रुवारी २०२४ पासून कर्नलची टीम स्वतःच सीव्हीई नंबर (सुरक्षेतल्या त्रुटीचा जाहीर क्रमांक) देते आणि त्यात नल पॉइंटरच्या दुरुस्त्या भरपूर असतात, त्यामुळे तुमच्या क्लायंटच्या सिक्युरिटी ऑडिटमध्ये हा विषय येणारच.

आणि एक ड्रायव्हर दुरुस्त झाला की त्याच व्हेंडरचे बाकीचे उघडा. लोअर परळच्या त्या कोडच्या ट्रीमध्ये बझरचा, बॅरियर मोटरचा आणि बाहेर जायच्या पुश बटणाचा ड्रायव्हर याच टेम्प्लेटवरून कॉपी केलेले होते, क्लॉकची तीच इफ, इंटरप्ट तसाच वर. पुश बटणाला तर कोणीही बूटच्या वेळी बोट दाबून धरू शकतो. चारही ड्रायव्हरचे पॅच एकाच सिरीजमध्ये गेले, आणि टेस्ट प्लॅनमध्ये ‘रीडरवर कार्ड चिकटवून आणि बटण दाबून धरून वॉर्म रीबूट’ अशी एक ओळ वाढली.